‘आमच्याकडे सगळा काळाच दगड’: गावच्या आराखड्यात भूविविधता लिहायची तरी काय?

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका गावच्या तरुण उपसरपंचांनी विचारलं आहे: “मॅडम, आम्ही गावचा पर्यावरण आराखडा करतो आहोत. झाडं, पक्षी, औषधी वनस्पती यांची यादी झाली. एका प्रशिक्षणात ‘भूविविधता’ हाही विषय निघाला होता. पण आमच्याकडे डोंगरमाथ्यापासून नदीपर्यंत सगळा काळाच दगड. त्यात विविधता कसली लिहायची? आणि लिहिली तरी गावाला तिचा उपयोग काय? शिवाय गावच्या टेकडीवर खडी क्रशरसाठी दगडखाणीचा अर्ज आलाय. त्याच्याशी याचा काही संबंध लागतो का?”

भूविविधता म्हणजे खडक, माती, झरे, भूरूपं यांतलं वेगळेपण. खाणीशी तिचा संबंध लागतो, आणि तो थेट तुमच्या विहिरीपर्यंत जातो. म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं काम भूजलाचं आहे. नाशिक जिल्ह्यात विहिरी, झरे आणि बंधाऱ्यांच्या जागा पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे या विषयाकडे मी आधी पाण्याच्या बाजूने बघते. दुसरा कोणी लेण्यांच्या किंवा वनस्पतींच्या बाजूने बघेल, आणि त्याचंही खरंच असेल.

आधी ‘सगळा काळाच दगड’ याबद्दल. हा बेसाल्ट. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर दुसरा आला, मग तिसरा. सह्याद्रीच्या बाजूला या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग याच खडकाने व्यापलेला आहे. पण सगळे लाव्हा एकसारखे नव्हते. काही पातळ, जिभेसारखे पसरत एकमेकांवर चढले. काही जाड आणि सलग आले. आणि एकाच लाव्हाच्या थरातसुद्धा तळ, मध्य आणि माथा असे तीन वेगळे दगड असतात. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकलेले, म्हणून तो पोकळ्यांचा. मधला भाग सावकाश थंड झालेला, म्हणून घट्ट कातळ, त्यात उभ्या भेगा. दोन उद्रेकांमध्ये मोठा खंड पडला असेल तर खालच्या थराच्या माथ्याची माती झालेली असते. वरून नवा लाव्हा आला की ती भाजून निघते आणि तांबड्या मातीचा पट्टा बनते. विहीर खोदणारे बरेच जण त्याला गेरूच म्हणतात.

हे थर इतके वेगवेगळे आहेत की भूवैज्ञानिकांनी त्यांच्या रासायनिक ठेवणीवरून त्यांचे गट पाडले आणि गटांना जागांची नावं दिली. त्यातल्या एका गटाचं नाव ‘इगतपुरी’ आहे. जगभर दख्खनच्या लाव्हावर काम करणारा माणूस हे नाव वापरतो, मग तो कधी इगतपुरी स्टेशनवर उतरलेला असो वा नसो. खाली थळ घाटात एक थर असा आहे की त्याच्या काळ्या पृष्ठभागावर बोटाच्या पेराएवढे पांढुरके स्फटिक विखुरलेले दिसतात. कसाऱ्याकडे जाताना आपण रोज त्याच्या शेजारून गाडी पळवतो.

तेव्हा तुमच्या रकान्यात लिहायला पुष्कळ आहे. ते शोधायचं कुठे, तर गावच्या जुन्या विहिरीत.

मे महिन्यात पाणी तळाला गेलं की एखादी न बांधलेली विहीर निवडा आणि पायऱ्यांनी खाली उतरत तिच्या भिंती बघा. वर हातभर माती. त्याखाली पिवळसर मुरूम, नखाने खरवडला तर सुटणारा. त्याखाली दगड, पण बारीक भोकांचा. भोकं पांढऱ्या, हिरवट खनिजांनी भरलेली. त्यावर तळहात टेकवा, गार आणि ओलसर लागेल. कधी कधी भेगेच्या खाली शेवाळ्याची रेघ उतरलेली दिसते, म्हणजे तिथून पाणी येतं. आणखी खाली काळा, गुळगुळीत, मोठ्या ठोकळ्यांचा कातळ. तो कोरडा. पहारीच्या खुणा इथे दाट झालेल्या असतात, कारण खोदणाऱ्यांचा घाम इथे निघाला. त्याच्याही खाली तांबडा पट्टा लागला तर तो चिकट मातीचा आणि पाणी खाली जाऊ न देणारा. विहिरीला पाणी कुठून आलं हे भिंतीवर लिहिलेलंच असतं. आडवा-उभा बोअर घेण्याआधी ही भिंत वाचली तर अनेक कुटुंबांचे पैसे वाचतील. आजही आपल्याकडे नारळ किंवा काडी हातात धरून पाणी बघणाऱ्याला बोलावतात. त्यांच्यातल्या जाणत्यांनी वर्षानुवर्षं आजूबाजूच्या विहिरींच्या भिंती बघितलेल्या असतात, आणि त्यांच्या यशात नारळापेक्षा त्या बघण्याचा वाटा मोठा असतो असं माझं मत आहे.

आता या दोन दगडांत फरक किती, तो आकड्यात सांगते. भूजलाचा अंदाज काढण्यासाठी देशात 2015 ची जी मानकं वापरतात त्यांत भेगाळलेल्या, पोकळ्यांच्या किंवा कुजलेल्या बेसाल्टमधून मिळू शकणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण 2 टक्के धरतात. घट्ट, कमी भेगांच्या कातळासाठी तोच आकडा 0.35 टक्के आहे. तुमच्या एक हेक्टर जमिनीखाली पहिल्या प्रकारच्या दगडाचा एक मीटर जाडीचा थर पाण्याने भरलेला असेल तर त्यातून 2 लाख लिटर पाणी मिळेल. तेवढाच थर घट्ट कातळाचा असेल तर 35 हजार लिटर. दोन्ही काळेच दगड, दोन्ही बेसाल्टच. पण एकावर गावाचा उन्हाळा निघतो आणि दुसऱ्यावर टँकरची वाट बघावी लागते.

पश्चिमेकडच्या तालुक्यांचं दुखणं इथेच आहे. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हेही भरपूर पावसाचे. आणि एप्रिल-मेमध्ये याच भागातल्या बायका हंडे घेऊन कपारीतल्या झऱ्यापाशी वाट्या-वाट्यांनी पाणी भरत बसतात. पाऊस कमी म्हणून असं होत नाही. उतार तीव्र, माती पातळ, आणि पाणी धरणारा पोकळ्यांचा थर डोंगराच्या बाजूला उघडा पडलेला. पाऊस त्या थरात शिरतो, खाली कातळ किंवा तांबडा पट्टा अडवतो, मग पाणी आडवं सरकत उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. गावचा झरा म्हणजे दोन थरांची सांध्याची जागा. ही सांध्याची रेषा डोंगराभोवती जवळपास एकाच पातळीत फिरते, म्हणून एक झरा सापडला की त्याच उंचीवर पलीकडे दुसरा सापडण्याची शक्यता चांगली असते. तुमच्या आजींना ही रेषा ठाऊक असणार. कुठे म्हशी उन्हाळ्यातही बसतात, कुठे उंबर आणि करंज हिरवे राहतात, ते त्यांना विचारा.

यावरून पाणी अडवण्याच्या कामाचंही ठरतं. समतल चर कुठे खणायचे? तर पोकळ्यांचा थर जिथे माथ्यावर उघडा आहे तिथे, झऱ्याच्या वरच्या अंगाला. ती जागा कधी कधी शेजारच्या गावच्या शिवेत जाते, कारण खडकाचे थर सातबारा बघून पसरलेले नाहीत. अशा वेळी दोन ग्रामपंचायतींनी एकत्र बसावं लागतं, आणि ते होऊ शकतं. सिमेंट बंधारा कुठे? कातळाच्या तळावर बांधला तर पाणी साठेल, पण मुरणार नाही. ते वापरायचं असेल तर ठीक, पण विहिरींचं पाणी वाढावं म्हणून बांधत असाल तर जागा चुकली. नाला खोलीकरणात मला सगळ्यात काळजी वाटते ती याची. जेसीबी मुरुमापर्यंत चालला तर फायदा होतो. तो खाली गेला आणि पाणी तोलून धरणारा पट्टाच फोडून बसला, तर वरच्या थरातलं पाणी उतरून जातं आणि बाजूच्या विहिरी लवकर आटतात. तिथे नंतर कितीही पाऊस पडला तरी तो पट्टा पुन्हा तयार होणार नाही. झाड परत लावता येतं.

डोंगरात आणखी एक गोष्ट शोधा: उभ्या दगडी भिंती. लाव्हा वर येताना ज्या भेगांतून आला, त्या भेगांतच काही थिजून राहिला. त्याला डाइक म्हणतात. आजूबाजूचा दगड झिजला की ती भिंतीसारखी उभी राहते. धोडपच्या किल्ल्यावरची खाच असलेली प्रसिद्ध कातळभिंत हीच. उत्तरेला धुळे-नंदुरबारकडे अशा भिंतींचं जाळंच आहे. जमिनीखालून जाणारी डाइक घट्ट असेल तर ती भूमिगत बंधाऱ्याचं काम करते, वरच्या बाजूच्या विहिरी भरलेल्या आणि खालच्या कोरड्या. भेगाळलेली असेल तर उलट पाणी वाहून नेते. शेतातून एका सरळ रेषेत काळे गोटे निघत असतील तर ती रेषा नकाशावर काढून ठेवा.

मातीचं थोडक्यात सांगते, कारण शेतकऱ्यांना हे माझ्याहून जास्त कळतं. आपली जुनी गावं पांढरीवर वसली आणि काळी नांगराखाली राहिली, ही जमिनीची पारख फार जुनी आहे. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात फाटते. तिच्यावर पाया उथळ घेतला की घराच्या भिंतींना तडे जातात. निफाडकडे गोदावरी-कादवेच्या गाळाची खोल जमीन आहे, आणि दिंडोरीच्या चढावर मुरमाड, पाण्याचा निचरा करणारी. द्राक्षाला मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, म्हणून ज्या हलक्या रानाला एके काळी कोणी विचारत नव्हतं तिथे बागा उभ्या राहिल्या. त्याच बागेत चुनखडीचं प्रमाण जास्त निघालं की पानं पिवळी पडतात, कारण जमिनीत लोह असूनही वेलीला ते उचलता येत नाही. एका बांधाच्या अलीकडे-पलीकडे हा फरक असतो. नाशिकच्या द्राक्षाची आणि वाइनची कीर्ती सांगताना हवामानाचं नाव निघतं. मातीचं आणि तिच्याखालच्या दगडाचं नावही तितक्याच आदराने घ्यायला हवं.

तुमच्या जैवविविधतेच्या यादीतसुद्धा भूविविधता लपलेली आहे. मऊ थर झिजून उतार होतो, घट्ट थर कडा बनून उभा राहतो, आणि दोघांच्या सांध्यात कपारी पडतात. लांब चोचीची गिधाडं झाडावर नाही, अशा कपारींत घरटी करतात. अंजनेरीच्या कड्यांकडे म्हणूनच पक्षिप्रेमींचं लक्ष असतं. त्याच अंजनेरीच्या पठारावर एक कंदीलपुष्प उगवतं. त्याचं शास्त्रीय नावच ‘सिरोपेजिया अंजनेरिका’ आहे. पावसात चार महिने भिजलेला आणि उन्हाळ्यात तापून निघणारा कातळ, त्याच्या खळग्यांतली बोटभर माती, हे त्या झाडोऱ्याचं घर. तिथे ‘ओसाड जागा’ म्हणून माती आणून टाकली आणि रोपं लावली, तर वृक्षारोपणाचा फोटो चांगला येईल आणि त्या पठाराची खरी संपत्ती गाडली जाईल. तुमच्या आराखड्यात माथ्यावरच्या उघड्या कातळाला ‘पडीक’ लिहू नका, एवढी माझी विनंती आहे. नांदूर मध्यमेश्वरचं उदाहरणही असंच. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा झाला, मागे गाळ साठत गेला, उथळ पाण्याची बेटं तयार झाली आणि हजारो पक्षी उतरू लागले. जानेवारी 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. त्याचं आजचं रूप डोंगरांतून वाहून आलेल्या गाळाने घडवलेलं आहे. वर डोंगर कसे वापरले जातात त्यावर खाली तिथे पाणी किती खोल राहील हे ठरतं.

आता माणसांचं. पांडवलेणीत चोवीस लेणी आहेत आणि ती त्रिरश्मी डोंगराच्या उत्तर बाजूला साधारण एका ओळीत, एका पातळीत कोरलेली आहेत. ज्यांनी ती कोरली त्यांनी डोंगर आधी वाचला होता असं तिथे गेल्यावर मला दर वेळी वाटतं. सलग, फार भेगा नसलेला, छिन्नीला साथ देणारा थर निवडायचा, आणि झिरपणारं पाणी जिथे धरता येईल तिथे टाकं खोदायचं. दहाव्या लेण्यातल्या शिलालेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात लेण्याच्या दानासोबत पाण्याच्या टाक्यांचाही उल्लेख करतो. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या माणसाने दगड आणि पाणी यांचा विचार एकत्र केला होता. काळारामाच्या देवळाचा दगड रामशेजच्या डोंगरातून आणल्याचं सांगतात. गंगापूरजवळ गोदावरीच्या वाळू-गोट्यांच्या जुन्या थरांत अश्मयुगीन हत्यारं मिळाली आहेत. आणि जुन्या नाशकातल्या गढीच्या मातीत 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या उत्खननातून या शहराचा प्राचीन क्रम उलगडला. नदीकाठचे थर ही आपली सर्वात जुनी दफ्तरं आहेत. काठाला भिंती घालताना आणि पात्र रुंद-अरुंद करताना ती दफ्तरं न वाचताच नष्ट होतात, याचं मला मनापासून दुःख होतं.

रामकुंड परिसराचा अनुभव तर शहरापुढेच आहे. पात्रातल्या प्राचीन कुंडांचा तळ काँक्रीटने झाकला गेला आणि नदीच्या तळाखालून येणारे नैसर्गिक पाझर बंद झाले. ते काँक्रीट निघावं यासाठी नाशिककरांना न्यायालयापर्यंत जावं लागलं. पात्रातला कातळ कुठे भेगाळलेला आहे आणि झरे कुठून येतात याचा साधा नकाशा आधी समोर असता, तर हा वाद झालाच नसता.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती अनेकांना ठाऊक नसते. बुडबुड्यांच्या पोकळ्यांमध्ये नंतर गरम पाण्यातून खनिजं साठत गेली: स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अ‍ॅपोफिलाइट. यांतल्या बऱ्याच खनिजांना झिओलाइट म्हणतात. पांडवलेणीजवळच्या दगडखाणीतून निघालेले स्फटिक जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत, आणि तिथला पॉवेलाइट खनिजप्रेमींमध्ये विशेष प्रसिद्ध आहे. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात हे सगळं जवळून बघता येतं. शाळेची सहल एकदा तिथे न्या. सुरुंगाने फुटलेल्या काळ्या दगडाच्या पोटात मुठीएवढी पोकळी, तिच्या भिंतींवर मोरपिशी छटेचे, काचेसारखे टोकदार स्फटिक, आणि मधोमध पांढऱ्या सुयांचा झुबका. हे बघितल्यावर ‘आमच्याकडे सगळा काळाच दगड’ हे वाक्य मुलं पुन्हा म्हणणार नाहीत.

भूविविधता हा विषय म्हणून नवा आहे. 1993 च्या सुमारास टास्मानियात आणि जर्मनीत तो या नावाने मांडला गेला. युनेस्कोने 6 ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय भूविविधता दिन ठरवला आणि 2022 पासून तो साजरा होतो. आपल्या देशात जैवविविधतेसाठी 2002 चा कायदा आहे. त्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. खडक, जीवाश्म, झरे, भूरूपं यांच्यासाठी तसं काहीच नाही. भूवारसा स्थळांच्या विधेयकाचा मसुदा केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये लोकांच्या सूचनांसाठी खुला केला, त्यापुढे त्याचा कायदा झालेला नाही. लोणारसारख्या मोजक्या जागांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान मिळाला आहे. पण माझ्या मते गावाला मोठ्या स्मारकापेक्षा साध्या नोंदीची गरज जास्त आहे. आज सरकारी कागदावर डोंगराची नोंद होते ती गौण खनिज म्हणून, ब्रासमध्ये. किती ब्रास दगड निघेल हे लिहिलेलं असतं. त्या दगडातून किती पाणी येतं, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून आता तुमच्या खाणीच्या अर्जाकडे येते.

मी दगडखाणींच्या विरोधात नाही. आपली घरं, शाळा, धरणाच्या भिंती, रस्ते खडीशिवाय होत नाहीत. 2027 च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्त्यांची आणि पुलांची कामं चालू आहेत, त्यांना खडी लागणारच. पण प्रत्येक टेकडी खाणीसाठी सारखी नसते, आणि भूविविधतेचा सगळ्यात रोकडा उपयोग हा फरक ओळखण्यात आहे. 2021 मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी उत्खनन झालं तेव्हा नाशिककर रस्त्यावर आले, कारण तिथे गोदावरीच्या उगमाचा प्रश्न होता. तुमच्या टेकडीतून गोदावरी निघत नसेल, पण तुमच्या वस्तीचा झरा निघत असेल, तर तुमच्यासाठी ती ब्रह्मगिरीच आहे.

क्रशरला कोणता दगड हवा असतो? घट्ट कातळ. पोकळ्यांच्या दगडाची खडी कमजोर, म्हणून तो आणि त्यावरचा मुरूम, माती बाजूला काढून टाकतात. कागदावर त्याला टाकाऊ म्हणतात. वर दिलेला हिशेब पुन्हा बघा. जो थर टाकाऊ म्हणून ढिगात जातो, तोच हेक्टरी मीटरमागे 2 लाख लिटर पाणी धरणारा थर आहे. आणि त्याखालचा जो कातळ विकला जातो, तो ते पाणी खाली जाऊ न देता झऱ्याकडे वळवणारा तळ आहे. अशा टेकडीवर खाण झाली तर साठवण आणि तळ दोन्ही एकदम जातात. खाणीच्या उभ्या भिंतीतून पाणी गळताना दिसतं, खड्ड्यात डबकं साठतं, आणि खालच्या वस्तीतला झरा पहिल्याच उन्हाळ्यात लवकर बंद होतो. उलट टेकडी जर वरपासून घट्ट कातळाचीच असेल, वर पोकळ्यांचा थर झिजून गेलेला असेल, आजूबाजूला झरा नसेल, वस्ती आणि कडे लांब असतील, तर तिथे खाण द्यायला माझी हरकत नसेल. मग अटी घाला: एक कडेची भिंत, जिच्यात थर किंवा स्फटिकांच्या पोकळ्या स्पष्ट दिसतात, ती मुलांना दाखवण्यासाठी राखून ठेवायची, माती वेगळी साठवून शेवटी परत पसरायची, आणि पायथ्याचा उतार उभा कापायचा नाही. शेवटची अट हलक्यात घेऊ नका. कातळावर कुजलेल्या मातीचा जाड थर असतो, मुसळधार पावसात त्यात पाणी भरतं आणि पायथ्याचा आधार कापलेला असेल तर तो थर घसरतो. 2014 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या माळीणमध्ये डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसं गेली. डोंगराचा उतार आणि त्यावरची माती कशी हाताळली जाते याकडे त्यानंतर तरी आपण गंभीरपणे बघायला हवं.

तुमचं गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभेला खास अधिकार देणाऱ्या आदिवासी भागांसाठीच्या कायद्याखाली आहे, हे तुमचं मोठं बळ आहे. 1996 च्या पेसा कायद्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घ्यावीच लागते. पण ‘गावाचा विरोध आहे’ एवढ्या एका ओळीचा ठराव पुढच्या टेबलावर टिकत नाही. तिथे पुरावा लागतो, आणि तो तुम्ही गोळा करू शकता. टेकडीच्या खाली जितके झरे आणि विहिरी आहेत त्या प्रत्येकीचा गट नंबर, मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश आणि फोटो घ्या. झऱ्याखाली एक बादली धरा आणि ती भरायला किती मिनिटं लागतात ते दर महिन्याला त्याच तारखेला वहीत लिहा. हे काम शाळेतली मुलं आनंदाने करतात. विहिरींना पाण्यापर्यंतची खोली दोरीने मोजा. टेकडीवर चढताना दगड जिथे बदलतो, म्हणजे मुरूम संपून पोकळ्या सुरू होतात, पोकळ्या संपून कातळ लागतो, तांबडा पट्टा दिसतो, तिथे मोबाइलमध्ये उंची बघून ती लिहा. मोबाइलची उंची काही मीटरने इकडेतिकडे होते, म्हणून एकाच फेरीत सगळे बदल नोंदवा, म्हणजे आपसातला फरक तरी बरोबर येईल. प्रत्येक थराचा मुठीएवढा नमुना ग्रामपंचायतीत ठेवा, त्यावर जागा लिहा. याच नोंदी तुमच्या आराखड्यातली भूविविधता. वेगळं काही शोधावं लागणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्यात आहे. तिच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी मागा आणि आपल्या वहीशेजारी ठेवा.

मग अर्जासोबत जोडलेला नकाशा घ्या आणि बघा: खाणीची हद्द तुमच्या पोकळ्यांच्या थरावर येते की खाली? झरा नकाशावर दाखवलाय का? बऱ्याच नकाशांत ओढा असतो, झरा नसतो. नसेल तर ठरावात त्याचा गट नंबर, उंची आणि मे महिन्यात बादली भरायला लागलेली मिनिटं लिहा, आणि ग्रामसभेच्या आधी त्या पानांचे फोटो मला पाठवा. टेकडीचा उभा छेद काढून, कोणता थर कुठून कुठे जातो ते दाखवून मी परत पाठवते. तो ठरावाला जोडता येईल.